एका घराला एक अर्ज

अंथरुणाला खिळण्याचा प्रचार करणारा माणूस, अशी माझी आमच्या इमारतीत ओळख झाली. त्याला मी अजिबात जबाबदार नाही. मी प्रचार करत होतो तो अंथरुणाला खिळायच्या आधी करायच्या तयारीचा. पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तळमजल्यावर बोललेलं चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला पाहिलं की माणसं लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागली. तेवढाच त्यांना व्यायाम झाला, एवढंच समाजकार्य माझ्या हातून नक्की घडलं म्हणायचं.

सुरुवात डॉक्टरीणबाईंच्या खोलीत झाली. बायकोचा उजवा हात आठ महिने थरथरत होता. अशक्तपणा, शिवणयंत्र, मोबाइल, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टिचकवायला लावली आणि मग कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. तिनं लिहिलं, 'मी रोज सकाळी फिरायला जाते.' हे धडधडीत खोटं होतं, पण ते सोडा. ओळ सुरू झाली तेव्हा अक्षर नेहमीसारखं होतं आणि संपली तेव्हा मुंगीएवढं झालं होतं. बाईंनी तो कागद जरा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "कंपवात आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. औषधांवर बरीच वर्षं नीट जातील, पण हा पुढे पुढे सरकणारा आजार आहे. आवाज बारीक होत जातो, हालचाल अडते, कधी कधी बोलणंही राहून जातं. "तेव्हा कोण बघणार, कुठे राहायचं, काय चालेल, काय मुळीच चालणार नाही, हे आत्ताच बसून ठरवा. यांना विचारून ठरवा. या सांगू शकतायत तोवर."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी त्या वेळी त्यांच्या टेबलावरचा केसपेपर बघत होतो. त्यात वयाच्या रकान्याला चार बोटं जागा होती आणि तक्रारीच्या रकान्याला दोन. माणूस कितीही जगला तरी त्याचं वय तीन आकड्यांपुढे जात नाही, तक्रारी मात्र पानभर असतात, एवढं साधं ज्याला कळत नाही त्याला कोणी बसवलं असेल तिथे? मी चौतीस वर्षं सरकारी छापखान्याच्या नमुने विभागात काढली आहेत. तुम्ही आयुष्यात जे जे अर्ज भरलेत आणि भरताना ज्याला ज्याला शिव्या घातल्यात, त्यातला बराचसा मी आहे. असो.

बसथांब्यावर ती म्हणाली, "मग? कधी बसायचं बोलायला?"

"अगं, हा काय आपल्या एकट्याचा प्रश्न आहे का?" मी म्हणालो. "घराघरात आहे. हा सामाजिक प्रश्न आहे."

मग बस आली.

खाजगी प्रश्नाला सामाजिक म्हटलं की माणसाला निदान सहा महिन्यांची मुदत मिळते, हे मी नोकरीत शिकलो होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. समोरासमोर बसून, तुझं बोलणं बंद झाल्यावर काय करू, असं बायकोला कसं विचारतात ते मला ठाऊक नव्हतं. अर्ज कसा तयार करतात ते ठाऊक होतं. म्हणून मी अर्ज तयार केला.

नाव दिलं 'दीर्घकालीन काळजी-पूर्वनियोजन माहितीपत्रक'. पाच भाग, सेहेचाळीस प्रश्न. कोणत्या खोलीत राहायला आवडेल, खिडकीजवळ की दाराजवळ, अंघोळ कोणाच्या हातून चालेल, नळीनं अन्न द्यावं की नाही, काहीही सोडलं नव्हतं. चौदावा प्रश्न तर पाठीचा कणाच होता: 'काळजी घेणारी व्यक्ती (नाते नमूद करावे)'. आणि तळाला माझी जन्मभराची सवय, ठळक अक्षरात: 'एका घराला एकच अर्ज. कुटुंबप्रमुखाने स्वहस्ते भरावा.' या एका ओळीनं आमच्या विभागानं जेवढा कागद वाचवला असेल तेवढा कोणी वाचवला नसेल. मी ती ओळ किती अर्जांवर घातली याची मोजदाद नाही. कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

छापखानेवाल्यानं पहिल्या शंभर प्रतींत तिसरा भाग उलटा छापला. मी आकांडतांडव केलं, त्यानं थंडपणे त्या प्रती माझ्याच हातात दिल्या आणि दुसऱ्या छापून दिल्या. उलटे कागद मी घरी सामानाच्या याद्यांसाठी टेलिफोनपाशी ठेवले.

बायकोनं चष्मा लावून सगळा अर्ज वाचला. अगदी सावकाश. मग म्हणाली, "मला एक द्या."

"तुला कशाला?"

"भरायला."

"अगं, खाली बघ काय लिहिलंय."

तिनं खाली बघितलं. "म्हणजे आपल्या घरचा तुम्ही भरणार."

"अर्थात."

"कधी?"

"सगळ्यांचे जमले की. आयोजकानंच आधी स्वतःचं उरकून घेतलं असं दिसायला नको."

"बरं," ती म्हणाली आणि याद्यांच्या गठ्ठ्यातला एक उलटा कागद काढून आत गेली. मला वाटलं, साबण संपला असेल.

आता इमारतीच्या कमिटीची परवानगी. आमचे सेक्रेटरी हा गृहस्थ स्वभावानं वाईट नाही, पण नोटीस बोर्डाची किल्ली त्याच्याकडे असते आणि ती किल्ली माणसाला बिघडवते. त्यांनी माझी सूचना दोनदा वाचली. "साहेब, विषय फारच... पडेल आहे हो. 'परावलंबित्व' काय, 'अंथरुणाला खिळणे' काय! सकाळी सकाळी माणसं दूध घ्यायला खाली येतात."

"मग काय लिहू?"

"काहीतरी प्रसन्न. 'आनंदी उत्तरायुष्य' लिहा."

शेजारच्या ब्लॉकमधले मॅनेजर तिथेच उभे होते. ते बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून कोणीही काहीही मागितलं की आधी नाही म्हणतात आणि मग ऐकून घेतात. ते म्हणाले, "नाही. त्यापेक्षा आरोग्य तपासणी ठेवा. फुकट रक्तदाब म्हटलं की लोक येतात. एकदा दंडाला पट्टा बांधला की माणूस पळू शकत नाही. तेवढ्यात तुमचं भाषण उरकून घ्या."

दोघांच्या सूचना न मानता, भरलेले अर्ज सेक्रेटरींकडे जमा करायचे एवढं सांगून मी घरोघर जायचं ठरवलं, आणि इथून माझ्या मानहानीला खरी सुरुवात झाली. पहिल्या मजल्यावर मला विमा एजंट समजून दार साखळीतून उघडलं गेलं. दुसऱ्या मजल्यावर आतला टीव्ही माझी बेल ऐकून बंद झाला आणि पाच मिनिटं घरात कोणी श्वासही घेतला नाही. चौतीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर रांग लावत होते आणि आता माझ्यामुळे एक अख्खं कुटुंब सोफ्यामागे बसलं होतं! तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांनी आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "किती दिवस सांगितलेत तुम्हाला?" मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "असंच म्हणायचं. धीर सोडायचा नाही." त्या संध्याकाळी आमच्याकडे चार जण मला बघायला आले.

चौथ्या मजल्यावर हेडबाई राहतात, एकट्याच. वय ब्याऐंशी, तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी अर्ज हातात घेतला, लाल पेन काढलं, दोन ठिकाणी माझी विरामचिन्हं दुरुस्त केली आणि मग म्हणाल्या, "प्रश्न चांगले काढलेस रे. तू स्वतः सोडवलेस का?"

"मी आयोजक आहे, बाई."

"म्हणजे नाही सोडवलेस." असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मला शाळेतल्यासारखं वाटलं.

माणसं घरात बोलत नाहीत तर सभा घ्यावी, सभेला सरकारी वजन असावं, म्हणून मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, "जनजागृती? कुठल्या आजाराची?"

"आजाराची नाही. काळजीची."

"पसरतो का?"

"काय?"

"आजार हो. पसरणारा असला तर साथरोग, नसला तर दुसरं टेबल."

मी म्हणालो, म्हातारपण पसरत नाही, पण कोणाला चुकतही नाही. त्यानं विचार केला आणि मला साथरोगाकडे पाठवलं. साथरोगानं उद्यान विभागाकडे पाठवलं, कारण म्हाताऱ्यांचं सगळं तिकडे, बाकं वगैरे. उद्यान विभागातल्या बाई फार सज्जन होत्या. त्यांनी मला एक बाक मंजूर करून देण्याची तयारी दाखवली. आठव्या फेरीला कोणीतरी मला आपत्ती व्यवस्थापनात नेऊन बसवलं. तिथले अधिकारी म्हणाले, "घरातला माणूस पडला तर आपत्तीच की नाही? या इकडे," आणि अर्ज पुढे केला.

अर्ज ओळखीचा होता. नमुना बासष्ट-ब. तो मीच केला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल माझं विभागात कौतुकही झालं होतं. 'कार्यक्रमाचा उद्देश' या रकान्यात माझा उद्देश मावेना. मी अक्षर बारीक केलं, आणखी बारीक केलं, आणि शेवटी ते मुंगीएवढं झालेलं पाहून मला काहीतरी आठवलं आणि माझा हात थांबला. अधिकारी म्हणाले, "हा नमुना कोणत्या गाढवानं केलाय कोण जाणे! सगळेच इथे अडतात." मी मान हलवली. चौतीस वर्षांच्या सेवेचा हा एकमेव जाहीर अभिप्राय मी ऐकला आहे.

परवानगी मिळाली. अट एकच. आपत्ती व्यवस्थापनाखाली कार्यक्रम म्हणजे प्रात्यक्षिक सक्तीचं. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस वरच्या मजल्यावरून सुखरूप खाली आणून दाखवावे. स्ट्रेचर ऑफिस देईल, व्यक्ती आपली आणावी.

या सगळ्यात अडीच महिने गेले. त्या काळात बायको दर रविवारी, चहा झाला की, विचारायची, "आज बसायचं का?" आणि मी म्हणायचो, "अगं, एकदा हा कार्यक्रम पार पडू दे." मग तिनं विचारणं सोडून दिलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटते, पण वाटलं. त्याच सुमारास तिनं माझ्या शर्टाची तुटलेली बटणं लावून द्यायचं बंद केलं, आणि मी कारण विचारलं नाही.

कार्यक्रमाला तेवीस माणसं आली. नोटीस बोर्डावर शेवटी 'आनंदी उत्तरायुष्य: स्ट्रेचरसह' असं लागलं होतं. खाली मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या आणि मी आधी वीस मिनिटं भाषण केलं. रुग्णाला कुशीवर कसं वळवावं, चादर कशी बदलावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं, हे सगळं मी एका पत्रकातून पाठ केलं होतं. शेवटच्या रांगेत बायको बसली होती. डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही.

मग प्रात्यक्षिक. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हा पहिला शोध. इमारतीला सव्वीस वर्षं झाली, तोवर कोणी मोजलंच नव्हतं. म्हणजे जिना. आता रुग्ण कोण? हेडबाईंकडे सगळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी अजून पडले नाहीये. पडेन तेव्हा कळवीन." मॅनेजर नाही म्हणाले, अर्थात. शेवटी आयोजक म्हणून मीच चौथ्या मजल्यावर जाऊन आडवा झालो. पट्टे बांधले. पुढे सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे ते खांद्यावर थोपटणारे गृहस्थ, मागे मॅनेजर आणि रखवालदार.

आडवं होऊन जिना उतरताना माणसाला फक्त छत दिसतं आणि दुसऱ्यांच्या नाकपुड्या दिसतात. कोणी तुमच्याशी बोलत नाही, तुमच्याबद्दल बोलतात. "डोकं वर घ्या." "पाय जरा तिरका करा." "वजन आहे हो." मी दोनदा म्हणालो, जरा सावकाश. कोणी ऐकलं नाही. झोपलेल्या माणसाचं कोणी ऐकत नसावं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर अडलं. तिथे सेक्रेटरींचं चपलांचं कपाट होतं. जिन्यात काहीही ठेवू नये अशी नोटीस त्यांनीच लावली होती, त्या कपाटाच्या बरोबर वर.

मॅनेजर म्हणाले, "हे कपाट इथे कसं?"

सेक्रेटरी म्हणाले, "तात्पुरतं आहे."

"सात वर्षं तात्पुरतं?"

"तुमच्या गॅलरीची जाळी काढा आधी, मग बोला!"

असा मूळ मुद्द्याला हात लागल्यावर स्ट्रेचरला कोणाचा हात राहणार? मला त्यांनी तिरकं करून कठड्याला टेकवलं आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. खालून लोक वर आले, वरून लोक खाली आले. त्या इमारतीत इतक्या कळकळीची चर्चा मी कधी ऐकली नव्हती. मी पट्ट्यांत बांधलेला होतो. "अहो, मी घसरतोय," असं मी म्हणालो, ते नीट, शुद्ध मराठीत म्हणालो. रखवालदारानं तेवढ्यात टोपी नीट करायला हात सोडला.

सात पायऱ्या. कंबर लचकली आणि उजवं मनगट मोडलं. ज्या कार्यक्रमात रुग्णाला सुखरूप खाली आणायचं होतं, त्यात मी एकटाच खाली पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे उठायचं नाही, अगदी बाथरूमलाही नाही.

चपलांचं कपाट दुसऱ्याच दिवशी निघालं. त्याबद्दल माझे आभार मानणारी नोटीस लागली होती, असं ऐकतो.

आमचा मुलगा परगावी असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, आईला फार पळवू नका हं." बस्स, एवढंच ठरलं. सेहेचाळीस प्रश्न काढणाऱ्या माणसाच्या घरात एकाचंही उत्तर तयार नव्हतं. कोणत्या खोलीत ठेवायचं, बेडपॅन कोण देणार, रात्रीची गोळी कोण लक्षात ठेवणार? सगळ्याला उत्तर एकच होतं आणि ते स्वयंपाकघरात हात धरून चहा ओतत होतं. निम्मा बशीत सांडायचा. ती बशी पुसायची आणि कप माझ्या डाव्या हातात द्यायची.

तिसऱ्या दिवशी चादर बदलायची वेळ आली. मी म्हणालो, "राहू दे, मी उठेन तेव्हा बघू." ती म्हणाली, "आता मी तुम्हाला भिंतीकडे वळवतेय." एक हात माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि मी वळलो. जुनी चादर माझ्या पाठीपर्यंत गुंडाळली, नवी तिच्या मागोमाग पसरली. "आता माझ्याकडे." मी त्या गुंडाळीवरून तिच्याकडे आलो. तिनं पलीकडून जुनी काढली, नवी ओढली, कोपरे खोचले. चार मिनिटं लागली असतील. हात थरथरत होते, तरी एक सुरकुती नव्हती.

मी भाषणात हेच सांगितलं होतं आणि त्यात तीन पायऱ्या चुकीच्या होत्या.

"हे कुठे शिकलीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या आईचं सहा वर्षं कोणी केलं?"

त्या सहा वर्षांत मी रोज सकाळी आईच्या खोलीच्या दारात उभा राहून "बरी आहेस ना?" विचारायचो आणि ऑफिसला जायचो. संध्याकाळी आलो की चादर स्वच्छ असायची. ती कोण बदलतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. चौतीस वर्षं प्रश्न काढणं हाच माझा धंदा होता.

दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी आले. ओशाळले होते. बरोबर भरलेल्या अर्जांचा गठ्ठा होता. "एकतीस आलेत, साहेब. तुम्ही पडलात ते पाहून लोकांनी पटापट भरले." म्हणजे माझा कार्यक्रम यशस्वी झाला होता. छतापेक्षा बरं म्हणून मी वाचायला घेतले.

चौदावा प्रश्न. काळजी घेणारी व्यक्ती: पत्नी. पुढचा: पत्नी. पुढचा: सौ. पुढचा: पत्नी, ती नसल्यास सून. मॅनेजर: पत्नी, आणि पुढे दोन रेघा मारून 'अन्य कोणी चालणार नाही'. हेडबाईंनी लिहिलं होतं, 'मी. आणि मी नसेन तेव्हा प्रश्न मिटला.' बाकी बहुतेक सगळीकडे पत्नी, पत्नी, पत्नी. 'पत्नी' हा शब्द सव्वीस अर्जांवर मोजला आणि मग माझ्या लक्षात आलं की या सव्वीस बायकांच्या चौदाव्या प्रश्नाचं उत्तर एकाही कागदावर नाही. त्यांच्याकडे कागदच नव्हता. एका घराला एकच. मीच लिहिलं होतं, ठळक अक्षरात.

"तुमच्या घरचाही आहे त्यात," सेक्रेटरी जाता जाता म्हणाले. "अगदी तळाशी. सगळ्यात पहिला तोच आला होता. वहिनींनी आणून दिला, अडीच-तीन महिने झाले."

"मला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तळाला उलट्या छपाईचा कागद होता. कुटुंबप्रमुख ही अक्षरं खोडून वर लिहिलं होतं, 'मी'. तारीख छापखान्यातून अर्ज आले त्याच दिवसाची. अक्षर प्रत्येक ओळीत मोठं सुरू होऊन बारीक होत गेलेलं. तिसरा भाग उलटा होता म्हणून तिनं कागद फिरवून तोही भरला होता. सगळे सेहेचाळीस. खिडकीजवळ. अंघोळ बाईच्या हातून. नळी नको. मुलाकडे नको, त्याच्या घरात मला कोणी ओळखत नाही.

चौदावा: 'हे.' आणि पुढे, अगदी मुंगीएवढ्या अक्षरात: 'शिकवावं लागेल. मला दाखवता येतंय तोवर.'

एकोणचाळिसावा प्रश्न होता, काय मुळीच करू नये. तिनं लिहिलं होतं, 'मला न सांगता हात लावू नये. मी बोलत नसले तरी. त्यांच्या आईला मी आधी सांगायची, तर त्या अंग सैल सोडायच्या.'

आणि शेवटी, इतर सूचना: 'विचारायला आले तर हे सगळं तोंडी सांगेन. कागदाची गरज नाही.'

मी तो कागद छातीवर ठेवून पडून राहिलो. रडलो, लपवून काय करायचं? झोपून रडलं की पाणी कानात जातं, हेही मला माहीत नव्हतं. आत भांड्यांचा आवाज येत होता, एक काहीतरी खाली पडलं, ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मी हाक मारणार होतो, पण काय म्हणून मारायची ते सुचेना. नवरा बायकोला आतून हाक मारतो ती काहीतरी हवं असलं की. मला काही नको होतं. मला विचारायचं होतं.

तीन आठवडे संपले त्या सकाळी मी उठलो. कमरेला पट्टा, हाताला प्लास्टर. ती पलंगावरची चादर काढायला आली तेव्हा मी म्हणालो, "थांब. तू झोप इथे."

"मी? कशाला?"

"शिकव."

तिनं टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं. तिचा अर्ज आता सगळ्यात वर होता. "वाचलात?"

"वाचला. उलटा भागसुद्धा." आणि मग मी म्हणालो, "मला फार भीती वाटत होती गं."

"मला काय वाटत नव्हती?" ती म्हणाली. चष्मा काढून तिनं खिडकीत ठेवला आणि झोपली, हात अंगाशी घेऊन. "आधी कडा सोडवा. चारही. हां. आता चादर गुंडाळत आणा. इतकी सैल नको, पाठीला टोचते. तुम्हाला एका हातानं नाही जमायचं."

"तुला कसं जमतं?"

"सहा वर्षं केलंय."

मला जमेना. गुंडाळी दोनदा सुटली. मी डाव्या हातानं तिच्या खांद्याला धरून वळवायला गेलो, तर तिचं सगळं अंग आखडलं आणि ती म्हणाली, "आधी सांगा."

मी हात काढला. सेहेचाळीस प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य तोंडातून काढायला केवढा वेळ लागला. "आता मी तुला भिंतीकडे वळवतोय," मी म्हणालो.

तिनं अंग सैल सोडलं. ती वळली. एवढी हलकी झाली होती, मला माहीत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली, पाठ माझ्याकडे, उजवा हात उशीवर थरथरत होता. मी नवी चादर पसरली. ती वाकडी पडली, मधोमध ही मोठी सुरकुती.

"टोचतंय?"

"टोचतंय."

"परत करतो."

"करा." मग भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी उत्तर नाही दिलं तरी सांगाल ना? अगदी काहीच बोलले नाही तरी?"

"सांगेन."

"मग आत्ता सांगा. मी बोलत नाही."

आणि ती खरोखरच बोलायची थांबली. मी तिच्या खांद्याजवळ वाकलो, कंबर ठणकत होती, आणि म्हणालो, "आता मी तुला माझ्याकडे वळवतोय."

तिनं उत्तर दिलं नाही. मी थोडा थांबलो आणि मग तिला वळवलं.